अण्णांच्या फोनवरचा हिरवा ठिपका

सुरुवातीच्या स्मार्टफोनमध्ये मराठी म्हणजे नुसते चौकोन होते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. कुणी गिऱ्हाईक फोन पुढे करायचं, त्यावर रिकाम्या चौकोनांची रांग असायची. "हे काय म्हणतंय हो?" मी म्हणायचो, "मराठी आहे बहुतेक." मग एका अपडेटनंतर अक्षरं आली, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची आणि जोडाक्षरं फुटायची. पुढे वेलांट्या जागेवर गेल्या. मग मराठी कीबोर्ड आला. मग नुसतं बोललं की टाइप होऊ लागलं. फोन तोच, काच तीच. आतली सिस्टीम बदलायची, आणि काल न येणारी गोष्ट त्याच फोनला आज येत असायची. मला याचं अजून नवल वाटतं. दुकानात कुणी नसलं की लोक पेपर वाचतात, मी सेटिंग्ज उघडून बघत बसतो.

तसंच बघताना मला ते सापडलं होतं. सहसा कुणी जात नाही अशा एका कप्प्यात, ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेलं. चालू केलं की समोरचा माणूस जे बोलेल ते फोन तिथल्या तिथे लिहून दाखवतो. मी मराठी निवडली आणि म्हणालो, "दोन कटिंग पाठव रे." पडद्यावर उमटलं: दोन कटिंग पाठव रे. अंगावर काटा आला.

मग मी ते बंद केलं आणि घरी कुणाला बोललो नाही. माझे वडील जवळजवळ ठार बहिरे आहेत.

आता लिहायलाच बसलोय तर सगळंच लिहितो.

अण्णांची नाशिकरोडला पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या आणि जात्याच्या आवाजात त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि त्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू नेले. श्रवणयंत्र आणलं, तर त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणाले. ते कपाटात पडलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. घरात चार माणसं हसली की ते विचारायचे, "काय झालं?" आणि आम्ही ओरडायचो, "काही नाही!" एवढ्याशा गोष्टीसाठी कोण घसा फोडणार? आमच्या घरात अण्णांच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलेलं वाक्य तेच असेल.

आई दवाखान्यात होती तेव्हाही मी तेच म्हणालो. डॉक्टर मला तिच्या खाटेपासून थोडं बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, आजचा दिवस निघेल असं वाटत नाही, ज्यांना जवळ बसायचंय त्यांनी बसून घ्या. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" त्यांना सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि आई शुद्धीवर होती. मी ओरडलो, "काही नाही! बरं आहे म्हणाले. तुम्ही गिरणीला जाऊन या." त्यांच्याकडे लोकांचं दळण अडकलेलं होतं. ते गेले. परत आले तेव्हा आई नव्हती.

माझ्या खिशात फोन होता. त्यावर मराठी टाइप करून त्यांना दाखवता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. सुचलं होतं. लिहायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर अण्णांनी गिरणी विकली. बायको तिकडे मरत होती आणि हा इकडे दळत होता, असं भावकीत बोलत. अण्णांच्या देखतच बोलत, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. पण माणसाला आपल्याबद्दल काय बोलतात ते न ऐकताही कळत असणार, कारण अण्णा स्वतःच कधीकधी मध्येच म्हणायचे, "मी जायला नको होतं." मी गप्प बसायचो. आता कळलं असेल मी ते सेटिंग का बंद केलं. एकदा का त्यांना बोललेलं वाचता आलं, की ते मला विचारणार होते.

मागच्या हिवाळ्यात अण्णा कॉलनीच्या बागेतून तरातरा घरी आले. "बाकावर एक बाई बसतात. मी बोललो, त्या बोलल्या, आणि त्यांच्या फोनवर त्यांचं बोलणं लिहून आलं! तुझ्या दुकानात तसला फोन मिळेल? महाग असला तर राहू दे."

तसला फोन त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. मीच दिलेला. मी ओरडून सांगितलं, "अपडेट आलंय! करून देतो!" म्हणजे तेव्हाही खोटंच.

फोननं माइक वापरायची परवानगी मागितली. मी हो म्हटलं. वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला. कुणीतरी ऐकतंय, अशी ती खूण.

पहिले काही दिवस अण्णा फोन पुढे धरून घरभर फिरले. पडद्याच्या कडेला एक गोल असतो, आवाज वाढला की तो फुगतो. मिक्सर लावला की अण्णा त्या गोलाकडे बघत राहायचे. कुकर झाला की खाली लिहून यायचं, 'शिट्टी'. "अगं, शिट्टी झाली बघ!" हे ते माझ्या बायकोला सांगायचे, आणि ती गॅसजवळच उभी असायची. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. फोन आधी एखादा शब्द चुकीचा लिहायचा, आणि पुढचे दोन शब्द ऐकले की मागे जाऊन तो दुरुस्त करायचा. बोलणारा पूर्ण बोलेपर्यंत त्याचं म्हणणं कळत नाही, हे काचेच्या त्या तुकड्याला माहीत होतं.

मग हरसूलहून आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण. येताना नागलीचं पीठ घेऊन. चहा घेता घेता माझ्या बायकोला म्हणाली, "दादा काय पोरावानी मोबाइल घेऊन बसलाय? त्याचं बरं हाय बाई. वहिनी दवाखान्यात जीव सोडत व्हती आन हा गिरणीत दळत बसला. मी नाय इसरायची."

फोननं तिचं 'हाय' आहे करून लिहिलं, 'इसरायची' विसरायची करून लिहिलं. बाकी सगळं जसंच्या तसं.

"खरं आहे तिचं," अण्णा म्हणाले.

आत्याची बशी हातातच राहिली. "आँ! ह्याला ऐकू आलं?"

"वाचलं. पोरावानी म्हणालीस तेही आलंय."

"अगं बया! चहाडखोर मेला मोबाइल."

अण्णा थोडंसं हसले. मग फोन टीपॉयवर ठेवून म्हणाले, "पण खोटं नाही बोलली ती. मी गेलो नसतो तर शेवटी हाताशी असतो."

फोन माझ्या बाजूला होता. हिरवा ठिपका चालू होता. ओरडायची गरज नव्हती, आणि म्हणूनच जास्त अवघड होतं.

"अण्णा, तुम्ही गेला नव्हता," मी म्हणालो. "मी पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळ बसा म्हणून. मी तुम्हाला काही नाही म्हणालो."

अक्षरं आली. 'पाठ' आधी, मग ते 'पाठवलं' झालं. अण्णांनी फोन उचलला, बोटानं मजकूर वर सरकवला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आणि हे लिहायचं तुमच्या फोनमध्ये आधीपासून होतं. तुम्ही विचाराल म्हणून मी चालू केलं नाही."

गोल अगदी बारीक होऊन थांबला. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. ते माझ्याकडे न बघता फोनकडेच बघत होते.

"अक्षरं मोठी कर," ते म्हणाले. "आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांग. पहिल्यापासून. तुझ्या आईनं काय विचारलं, माझं नाव काढलं का, सगळं. हळू बोल, ह्याला लिहायला वेळ लागतो."

मी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांची पट्टी शेवटपर्यंत ओढली. आता एका वेळी तीन-चारच शब्द मावत होते. खुर्ची जवळ ओढली.

"डॉक्टर म्हणाले," मी सुरुवात केली, आणि तेवढे दोन शब्द पडद्यावर येऊन थांबले.