पोचल्याचा मिस कॉल

कराडच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा अप्पांनी मला जपून राहा, वेळेवर जेव, असलं काही सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पोचली की मिस कॉल दे." नर्सिंग शिकायला सांगलीला गेले तेव्हाही हेच म्हणाले होते, पुण्याला नोकरी लागली तेव्हाही हेच. आता मी जर्मनीला निघाले होते, तरी वाक्य बदललं नव्हतं.

आमच्या मलकापूरच्या घरात हा मिस कॉल म्हणजे गंमत नाही. अप्पा फौजेत होते. सुट्टी संपवून ते युनिटला गेले की पोचल्याचं पत्र येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. घरात मोबाईल आला तेव्हा अप्पांनी कायदाच केला. गावाबाहेर गेलेल्या माणसाने पोचल्यावर दोन रिंगा द्यायच्या, अप्पा नाव बघून फोन कट करणार. कट झाला की समजायचं, कळलं. तोवर ते जेवत नाहीत, आणि ते जेवत नाहीत म्हणून आईही जेवत नाही. त्यांचा फोन अजून बटणांचा आहे. ज्याला हसू येत असेल त्याने खुशाल हसावं.

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, कराडात मोबाईलचं दुकान आहे. त्यामुळे फोनमधलं देवाखालोखाल आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत. निघायच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या फोनमध्ये परदेशात चालणारं ई-सिम घालून दिलं आणि जुनं सिम काढून घेतलं. "हे हितंच ऱ्हाऊ दे. तिकडं रोमिंगमधी उगं पैसं कापत बसंल. बँकेचा ओटीपी आला तर मी सांगतो की तुला." मी मान डोलावली.

सकाळी फ्रँकफुर्टला उतरले. ई-सिमने काम चोख केलं, हे मान्य करते. सामान मिळायच्या आत नकाशा उघडला, रेल्वेचं तिकीट निघालं, दादाला फोटोही गेला. मग मी अप्पांना फोन लावला आणि तो लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या ई-सिमला नुसता डेटा होता, नंबरच नव्हता. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं की जगात कुठेही जा, आपल्या माणसांशी जोडलेले राहा. बटणांचा फोन वापरणारा बाप यांच्या हिशेबी आपल्या माणसांत बसत नाही, हे मात्र बारीक अक्षरात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला न्यायला हॉस्पिटलकडून एक बाई आल्या होत्या. त्यांच्या फोनवरून लावून पाहिला. लांबलचक अनोळखी नंबर बघून अप्पांनी तो लगेच कापला. फसवणुकीच्या फोनांबद्दल आम्हीच त्यांना पढवून ठेवलं होतं ना. तिकडे दुपारचं ताट झाकून ठेवलेलं, हे दादाने मेसेजवर कळवलं. दादाने माझा फोटो दाखवला तर अप्पा म्हणाले, "फोटू कवाचाबी असतोय. मिस कॉल कुठं हाय?" शुगरची गोळी त्यांनी आधीच घेतली होती. गोळी घेऊन उपाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, हे नर्सला कुणी शिकवायला नको.

थोड्या वेळाने दादाचा मेसेज आला, अप्पा जेवले. कसे, म्हणून विचारलं. त्याने माझं जुनं सिम घरातल्या एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं होतं, मागे परड्यात जाऊन अप्पांना दोन रिंगा दिल्या होत्या. अप्पांना माझं नाव दिसलं, त्यांनी कट केला आणि ताट पुढे ओढलं. मी जर्मनीत पोचल्याची बातमी माझ्या घराला परड्यातल्या शेवग्याखालून मिळाली.

मी दादाला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "जेवलं न्हवं? मग झालं की." नाही झालं. उद्या मी खरंच कुठे अडकले आणि तू अशीच रिंग दिलीस तर? इथल्या मराठी मंडळींना हे सांगितलं तर सगळ्यांचा सल्ला एकच, वडिलांना स्मार्टफोन घेऊन द्या. का म्हणून? त्यांच्या फोनला काय धाड भरली होती? घर सोडून आपण जायचं आणि बदलायचं मात्र मागे राहिलेल्यांनी, हा कुठला न्याय?

वर्षाने सुट्टीवर गेले ते अप्पांना खरं सांगायचं ठरवूनच. ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी तोंड उघडलं तसे म्हणाले, "ठावं हाय मला. आदी परड्यात बटनं वाजली, मग माझा फोन वाजला."

"मग जेवलात कसे?"

"तुझी आई उपाशी हुती. तिला किती येळ तंगवायची?" त्यांनी दोन दाणे माझ्या हातावर ठेवले. "पर तुझा मिस कॉल आजून आल्याला न्हाई."

वर्षभर दादाच्या फोनवर आम्ही रोज एकमेकांचं तोंड बघत होतो, हे मी बोलून दाखवलं. "बोलनं येगळं, पोचनं येगळं," एवढंच म्हणून ते पुन्हा शेंगांकडे वळले.

परत निघताना मी दादाच्या खणातून माझं सिम काढून घेतलं, रोमिंग चालू करून घेतलं आणि फोनमध्ये बसवलं. डेटाला ई-सिम, रिंगांना हे. दोन्ही एका फोनमध्ये सुखाने नांदतात. मोबाईलचं दुकान चालवणाऱ्याने हे आधी सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

इकडे आलेले लोक घर कशाला म्हणायचं यावर फार बोलतात. माझ्यापुरतं सांगायचं तर, मी पोचले का, हे कळल्याशिवाय जिथे ताटावरचं झाकण निघत नाही ते माझं घर. फ्रँकफुर्टला उतरल्या उतरल्या फोन लावला. एक रिंग गेली, दुसरी गेली आणि फोन कट झाला. वर्षभराने मी जर्मनीला पोचले, आणि मलकापुरात अप्पा जेवायला बसले.