फणसाचा देव्हारा

मस्कतहून कायमचा परत आल्यावर जेरी फर्नांडिसने गावात सांगितलं, की तिकडे तो फर्निचरच्या कंपनीत हेड मेस्त्री होता. कंपनी खरी होती, फर्निचरही खरं होतं. पण जेरीने सगळी वर्षं एका मशीनपुढे उभं राहून काढली होती. बोर्ड सरकवायचा, बटण दाबायचं, कापलेला बोर्ड पुढच्याच्या हातात द्यायचा. पोरवयात गंगाराम मेस्त्रींच्या हाताखाली रंधा-पटाशी धरली होती, तीही अर्धवट सोडून तो विमानात बसला होता. हे त्याच्या बायकोला, मारियानला, ठाऊक होतं. गावाला नव्हतं.

गंगाराम मेस्त्रींनी वयामुळे बाहेरची कामं घेणं बंद केलं होतं. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यालगतच्या त्या गावात कुणाला खिडकी बसवायची असली, माळ्याची शिडी हवी असली, की जेरीचं नाव निघायचं. किरकोळ कामं त्याने निभावून नेली. मग एक दिवस प्राथमिक शाळेतल्या सुगंधाबाईंनी त्याला घरी बोलावलं.

वादळात त्यांच्या परसातला फणस उन्मळून पडला होता. बाईंच्या सासऱ्यांनी, बाबांनी, तो आपल्या लग्नाच्या साली लावलेला. त्याच्या फळ्या चिरून आणून म्हाताऱ्याने गोठ्याच्या माळ्यावर सुकवल्या होत्या.

"ह्येचो देवारो करूचो आसा, जेरी," बाबा म्हणाले. "तुका जमात मा?"

खरं काय ते तेव्हाच सांगता आलं असतं. जेरी म्हणाला, "बाबानू, तिकडे ह्येच्यापेक्षा मोठी कामां केलंय मी." आणि पुढे जाऊन हेही म्हणाला, की देवाचं काम आहे, मजुरी घेणार नाही. सुगंधाबाईंनी ही गोष्ट शाळेत कौतुकाने सांगितली.

फळ्या त्याने आपल्या शेडमध्ये नेल्या. खांबांचे जोड पहिल्यांदा सैल झाले, म्हणून ते कापून पुन्हा केले. मग खांब आखूड पडले. आखूड खांबांना जुळवायला फळ्या कापल्या, आणि घाईघाईत खिळे मारताना त्यातल्या दोन उभ्या तडकल्या. लाकूड चांगलं होतं, हे त्यालाही कळत होतं. रंधा फिरला की पिवळाधमक रंग वर यायचा. काही दिवसांनी शेडमध्ये तुकडे होते, देव्हारा नव्हता.

बाई निरोप पाठवत होत्या. जेरी रिक्षा-टेम्पो करून कसालच्या बाजारात गेला. एका दुकानात तयार देव्हारा होता, गडद पॉलिशचा, वर नक्षीदार कळस. तो त्याने आपल्या पैशाने घेतला, चादरीत गुंडाळून आणला आणि दुसऱ्या दिवशी सुगंधाबाईंच्या घरी नेऊन भिंतीला बसवून दिला.

"फणसाचो पिवळो रंग खंय गेलो रे?" बाबांनी विचारलं.

"पॉलिश मारलंय बाबानू. टिकूक बरा."

म्हातारा समाधानाने हसला. देव बसवले, भटजी आले, शेजारपाजारचे प्रसादाला आले. "आमच्या फणसाचो," असं बाबा प्रत्येकाला देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगत होते. कुणीतरी जेरीला पुढे ओढलं. सुगंधाबाईंनी त्याच्या हातात नारळ दिला. जेरीला तो नारळ खाली ठेवायलाही जमेना, धरायलाही. मारियान मागे उभी होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता रोज त्या घरावरसून जावचा लागतला तुका."

खरोखरच तसं झालं. बाजाराची वाट बाईंच्या दारावरून जात होती. ओटीवर बसलेले बाबा हात वर करायचे. जेरी समुद्राकडून वळसा घालून जाऊ लागला.

एकदा म्हाताऱ्याने त्याला गाठलंच. "जेरी, उरलेला लाकूड आसा मा तुझ्याकडे? माझ्या नातीक, गौरजाक, एक पाट कर. फणसाची आठवण."

"आसा," जेरी म्हणाला. त्याला तुकडे जाळता आले नव्हते. ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तो घरी आला, ते सगळे तुकडे गोणत्यात भरले आणि बाईंच्या घरापुढच्या खळ्यात नेऊन ओतले. आखूड खांब, तडकलेल्या फळ्या, वाकडे खिळे. सुगंधाबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग जेरीकडे.

"ह्या सगळा तर आमचाच लाकूड. मगे आतमधलो देवारो खंयचो?"

"कसालच्या दुकानातलो," जेरी म्हणाला. "माका जमला नाय. मी मस्कतात मेस्त्री नव्हतंय बाई. मशीनचा बटण दाबी होतंय."

बाईंनी पायाजवळचा एक वाकडा खिळा उचलला. मग म्हणाल्या, "मी शाळेत पोरांका सांगलंय, आपलो फणस देवांका उपेगी पडलो म्हणान." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर जेरीला बरं वाटलं असतं.

बाबा काठी टेकत खाली उतरले. एक तडकलेली फळी उचलून त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "लाकूड मोडला, ता मोडला," ते म्हणाले. "हात चुकतत माणसाचे. पण मी इचारलंय तेव्हा पॉलिशचा कित्याक सांगलंस?"

जेरी रिकाम्या गोणत्याची घडी घालत राहिला. बाबा फळी घेऊन आत गेले.

तिथून जेरी थेट गंगाराम मेस्त्रींकडे गेला आणि त्यांनाही सगळं सांगितलं. मेस्त्रींनी ऐकून घेतलं. "माका ठावक होता," ते म्हणाले. "तू बसवलेली खिडकी बघलंय मी." मग त्यांनी कोपऱ्यातली गंजकी पटाशी त्याच्यापुढे टाकली. "हिका धार लाव. संध्याकाळपर्यंत बघूया."

पन्नाशीला आलेला जेरी पुन्हा त्यांच्या अंगणात बसू लागला. येणारे-जाणारे बघत, हसत. त्याने कुणापासूनही कारण लपवलं नाही, पण सांगताना कान तापायचे ते तापायचेच. बाईंच्या खळ्यातून परत आणलेल्या त्या तुकड्यांतून मेस्त्रींच्या नजरेखाली गौरजाचा पाट झाला. तो बाबांनी ठेवून घेतला. आता खरा देव्हारा करून द्यायची गोष्ट जेरीने काढली, तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. देव एकदा बसले, आता त्यांना उठवायचं नाही.

त्यामुळे दुकानातला देव्हारा तिथेच आहे. गणपतीत जेरी आणि मारियान बाईंकडे गेले, तेव्हा मुंबईहून आलेल्या एका पाहुणीने कळसाकडे बघत विचारलं, "किती छान आहे, कुणी केला?"

जेरीच्या हातातला मोदक तसाच राहिला.

"कसालला विकत घेतला," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि पाहुणीच्या पानात तूप वाढू लागल्या. जेरीचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. मारियानने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा त्याने मोदक तोंडात घातला.