महागाची गोळी

आबांना, माझ्या वडलांना, हार्ट अटॅक येऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी जन्माची लावून दिली. ‘यात हयगय केली तर दुसऱ्या झटक्याला मी जबाबदार नाही,’ असं स्पष्ट सांगितलं. मी धसकाच घेतला. आबा खुलताबादजवळच्या गावात राहायचे, मी नोकरीपायी शहरात. दर रविवारी गोळ्या घेऊन जायचे. तो घाट चढताना अंगावर येणारा गार वारा, दारात उभे आबा... आता कुणासाठी जाऊ तिकडं?

मेडिकलवाला म्हणायचा, ‘ताई, जेनेरिक घ्या, लई स्वस्त पडंल.’ पण आईचा हट्ट! स्वस्तातलं औषध तिला औषधच वाटायचं नाही. आल्यागेल्याला गोळीचा भाव सांगायची, ‘लेकीनं आणलीय, महागाची हाय!’

आणि एवढं करून कोलेस्टेरॉल काही पुरतं उतरेना. डॉक्टर बुचकळ्यात पडले. आबा शपथेवर सांगायचे, ‘एक दिस चुकवली नाय.’

एका रविवारी मी सकाळीच पोचले. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, बाजेवर बसलेले. आबांनी अडकित्ता घेतला, गोळी मधोमध कातरली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी भावाच्या हातावर ठेवली!

माझं डोकंच सणकलं. ‘आबा, मरायचंय का तुम्हाला?’

‘वरडू नको. त्याला बी चालताना दम लागतोय. जल्मभर दोघांनी मेंढरं राखली, रानात एक भाकर असली तरी दोघांत खाल्ली. औषध एकट्यानं कसं खाऊ?’

दोघांना गाडीत कोंबलं आणि डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. मोठ्या बाबांना तपासून डॉक्टर म्हणाले, ‘यांनाही पूर्ण गोळी हवी. जेनेरिक घ्या, काम तेच करते. एकाच्या खर्चात दोघांचं भागेल.’

मेडिकलमधून दोन पाकिटं घेतली, तरी माझी धुसफूस चालूच. ‘मला का नाही सांगितलं? दुसरी आणली नसती का मी?’

आबा खाली बघत म्हणाले, ‘तुझी आई भाव सांगायची ना समद्यांला. तुझ्यावर आणखी भार कशाला घालायचा? म्हनलं, माझं अर्ध्यावर भागंल.’

मी तिथंच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. मोठे बाबा आबांवर खेकसले, ‘काय बोललास रं माझ्या पोरीला?’