तोंतोंची लॉरी

"पुढचं ऱ्हाऊ दे. मागनं काय येतंय?"

आमच्या बेटावरच्या ग्रां बुआ गावात कुणी कसलाही बेत सांगितला की तोंतों हेच विचारायचे. तोंतों म्हणजे काका, अख्ख्या गावाचे. गणपती विसर्जनाला निघाला की पोरं नाचत पुढे, आणि हे आपली जुनी लॉरी घेऊन सर्वांत शेवटी. लॉरीत पाण्याचे डबे, चहाची किटली, पाव आणि डाळीचे तिखट वडे, आमचे गातो पिमां. गणपतीला पोचवणारे पुष्कळ असत. त्या पुष्कळांचं पोट सांभाळणारे हे एकटेच.

तरुणपणी ते इंग्रजांच्या फौजेत होते, आफ्रिकेच्या वाळवंटात, रसदीच्या लॉरीवर. त्यांच्या लढाईच्या गोष्टींत तुम्हाला एकही गोळी ऐकू आली नसती. "रणगाडं पळत सुटलं की जनरल खूश! पर पेट्रोल? ते न्यायला आमी. आन निम्मं पेट्रोल आमच्याच लॉऱ्या प्यायच्या, बोंद्ये, देवा रं!" आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

सत्तरच्या दशकात माझं लग्न ठरलं. मुलगी रिव्हिएर दू रांपारची, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाची. आमच्यासाठी तो बसचा प्रवास, तोंतोंसाठी मोहीम. वाटेत त्यांनी दोन ठाणी उभारली. एक रस्त्याकडेच्या आंब्याखाली, दुसरं सें पिएरला भाचीच्या घरी. प्रत्येक ठिकाणी बस थांबवून वऱ्हाडाला खाली उतरवलं. "खावा! पुढं मिळंल न मिळंल."

"तोंतों, आपण लग्नाला चाललोय," मी म्हणालो.

"आमाला बी असंच सांगितलं हुतं. पुढं समदं हाय म्हणून."

त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार? आम्ही खाल्लं.

मुलीच्या दारी केळीची पानं मांडली होती. पुऱ्या टम्म फुगलेल्या, भाज्या वाफाळलेल्या. वऱ्हाडानं एकेक पुरी चिवडली आणि हात आखडला. माझ्या मामानं तर पंगतीतच ढेकर दिला. सासरे पळी घेऊन उभे होते, त्यांचा चेहरा उतरला.

"वाटंत जेवून आलात? आमच्या घरी चूल पेटत न्हाय काय?" त्यांनी पळी भाजीच्या टोपात आपटली. "वऱ्हाड जेवल्याबिगर पोरगी मांडवात येनार न्हाय!"

मुलगी मला मनापासून आवडली होती हो! सगळे तोंतोंकडे बघू लागले. क्षणभर तेही गडबडले. मग छाती काढून ओरडले, "फौज थांबली की रसद तुंबती. फौज हलवा!"

ढोलकी घेऊन त्यांनी अख्ख्या वऱ्हाडाला उसाच्या मळ्यांतून, भाजीच्या वाफ्यांतून भर उन्हात पिटाळलं. मुंडावळ्या सावरत मीही धावलो. मागून तोंतों, हातात पाण्याचा डबा. परत आलो तेव्हा मामा पानावर अक्षरशः तुटून पडला. सासऱ्यांना आधी हसू आवरेना, मग वाढता हात आवरेना.

तोंतों मात्र सगळ्यांचं होईपर्यंत बसले नाहीत. सासऱ्यांनी हाताला धरून बसवलं आणि विचारलं, "येवढं कशापायी करता?"

"एकदा आमची पोरं लई पुढं गेली," तोंतों पानाकडे बघत म्हणाले. "मी पानी घिऊन पोचलो. पानी हुतं. पेनारं न्हवतं."

सासऱ्यांनी तोंतोंच्या पानावर आणखी एक पुरी ठेवली.

ऐंशीच्या दशकात तोंतों गेले. कडक ऊन होतं. दोन्ही गावांची माणसं स्मशानापर्यंत चालत गेली. अग्नी दिला, घसे सुकले, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीनं मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

शेजारी उभ्या सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला. "आयो," ते म्हणाले, "आज आपन समदेच पुढं आलो की."