मरळ कोणी धरली

अमडापूरच्या बाजारात माझ्या आत्याच्या यजमानांचं नाव काढलं की एखादा म्हातारा अजूनही म्हणतो, "हिंमतराव म्हंजे ते मोठी मरळ धरणारे ना?" मी प्रत्येकाला सांगते की ती मरळ मासोळी हिंमतरावांनी धरलेली नाही. लोक हसतात आणि विषय बदलतात. मला या हसण्याचा फार राग येतो.

आत्याचं नाव अंबूबाई. माहेर उंद्रीचं. आजोबांचा भाजीचा मळा नदीला लागून होता आणि पाणी देऊन झालं की ते काठावर गळ टाकून बसत. सोबत ही थोरली मुलगी. पाण्याकडे पाहत गप्प कसं बसायचं, गळाला तोंड लागलं की घाई न करता दोर कसा सैल सोडायचा, हे ती त्यांच्याजवळ शिकली. लग्न होऊन ती अमडापूरच्या अलीकडच्या गावात आली, तर तिथेही नवऱ्याचा मळा नदीवरच. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. मळ्याच्या खालच्या अंगाला जांभळाच्या सावलीत खोल डोह होता. तिची सासू सत्यभामाबाई मासोळीची शौकीन. त्यामुळे सुनेनं काम आटोपून बांबूची काठी घेऊन डोहावर जावं, याला घरात कोणी हरकत घेतली नाही. मासे घरात येत होते तोवर ते बाईचं कामच होतं.

हिंमतराव स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांना एका जागी बसवत नसे. घडीघडी काठी उचलायची, बिडी पेटवायची, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची. त्यांच्या गळाला क्वचितच काही लागे.

मग उत्तमराव वकिलांनी चिखलीत मासेमारीचा क्लब काढला. उत्तमराव नागपूरला शिकून आलेले. साहेबलोक छडी घेऊन नदीवर बसतात हे त्यांनी तिकडे पाहिलं होतं आणि आपल्याकडेही असं काही असावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. काही वकील, कचेरीतले बाबू आणि रंगराव मास्तर, असे सभासद जमले. वर्षातून एकदा शर्यत. ज्याचा मासा सगळ्यांत वजनदार, त्याला चांदीचा कप. शर्यतीसाठी त्यांना आत्याच्या मळ्याखालचा डोह पसंत पडला. तिथे जायची वाट हिंमतरावांच्या शेतातून, म्हणून हिंमतरावांनाही सभासद करून घेतलं. ते इतके हरखले की त्यांनी नवी टोपी आणली.

मी तेव्हा जन्मले नव्हते. पुढचं मला आत्यानं सांगितलं आणि रंगराव मास्तरांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

होळी होऊन गेली होती, डोहाचं पाणी निवळलं होतं. काठानं खुंट्या ठोकून जागा वाटल्या होत्या. हिंमतरावांना जांभळाखालची जागा मिळाली, त्यांच्या शेजारी मास्तर. दुपार झाली तरी कोणाच्या गळाला बोटभर मासोळीपलीकडे काही लागलं नाही. आत्या पाहुण्यांच्या भाकरी घेऊन आली, तशी हिंमतरावांनी काठी तिच्या हातात दिली. "धर जराशी, मी वकीलसायबाच्या जेवनाचं पाह्यतो," म्हणाले आणि गेले.

मरळ मासा असली तरी मधून मधून हवा घ्यायला वर येते. जांभळाच्या मुळांपाशी पाणी हललं ते आत्यानं पाहिलं. नवऱ्यानं लावलेली कणकेची गोळी काढून तिनं गळाला लहानसा बेडूक लावला, गळ मुळांच्या पलीकडे टाकला आणि बसली. मास्तर म्हणत, तिनं श्वास तरी घेतला की नाही कोण जाणे. मग दोराला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची दांडी एकदम पाण्याखाली गेली.

मासा मुळांत शिरू पाहत होता. काठी वाकली, तेव्हा आत्यानं दोर हातात घेतला आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली. दोरानं तळवा कापला. ओढत, सोडत, पुन्हा ओढत तिनं मरळ गवतावर आणली. लांबीला तिच्या हाताएवढी होती. मास्तरांच्या ओरडण्यानं सगळे धावत आले. त्यांत हिंमतराव पुढे. मासा गवतावर तडफडत होता आणि यांनी तिच्या हातातून दोर घेतला.

उत्तमराव मागून आले. "वा. कोणी धरली?"

सगळे माशाकडे पाहू लागले. आत्या ओल्या लुगड्यानिशी तिथेच उभी होती, हातातून रक्त येत होतं. कोणाला दिसलं नसेल असं कसं म्हणावं?

हिंमतराव म्हणाले, "काठी माही हाय."

"मग मासा तुमचाच," उत्तमराव म्हणाले आणि तोलायला माणूस बोलावला. दुसरा नंबर मास्तरांचा आला. त्यांनी सगळं पाहिलं होतं. तेही बोलले नाहीत.

घरी जाताना आत्यानं विचारलं, "तुमी काऊन सांगतलं नाही?"

"सांगून काय झालं असतं? कप मास्तरले गेला असता. आता आपल्या घरात आला ना?"

"घरात नाही आला. तुमच्यापाशी आला."

एवढ्यावर थांबलं असतं तरी आत्यानं कदाचित सोडून दिलं असतं. पण हिंमतराव ती गोष्ट सांगू लागले. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दारावर आलेल्या कुणालाही. आधी ते गुडघाभर पाण्यात उतरले होते, नंतर गळ्याइतक्या. मग दोरानं त्यांचा हात कापला. तो व्रण मी आत्याच्या तळव्यावर पाहिला आहे, आडवा, अंगठ्याखाली. आपल्या हातावरची जखम दुसऱ्याच्या तोंडून त्याची म्हणून ऐकायची आणि वर त्या ऐकणाऱ्यांना चहा नेऊन द्यायचा. हे तिनं वर्षभर केलं. त्या वर्षात ती डोहावर गेली नाही. सासूनं मासोळीचं विचारलं तर म्हणायची, "कपवाल्याले सांगा."

पुढच्या वर्षी उत्तमराव मास्तरांना घेऊन जागा पाहायला आले, तेव्हा ती मिरचीच्या वाफ्यातून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वकीलसायेब, शर्यतीत माहं नाव लिवा."

उत्तमराव हसले. "बाई, क्लबात बायका नाहीत."

"तसं तुमच्या कायद्यात लिवलं हाय काय?"

"लिहिलेलं नाही. कोणाच्या मनातच आलं नाही ना तसं."

"आता आलं."

वकील जरा विचारात पडले. मग म्हणाले, नव्या माणसाचं नाव जुन्या सभासदानं सुचवावं लागतं. आत्यानं नवऱ्याकडे पाहिलं. हिंमतराव वाकून वहाणेचा अंगठा नीट करत होते. मास्तरांकडे पाहिलं, तर ते नदीकडे पाहत होते.

"बरं," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी क्लबाची माणसं अलीकडच्या काठावर बसली आणि आत्या उथळ पाण्यातून चालत पलीकडच्या काठावर गेली. तो काठ क्लबाचा नव्हता. तिनं समोरासमोर बैठक मारली आणि गळ टाकला. हिंमतरावांनी निरोप पाठवला की घरी जा. ती गेली नाही. पहिली मरळ लागली तशी अलीकडची सगळी माणसं माना वर करून पाहू लागली. तिनं ती टोपलीत टाकली आणि पुन्हा बसली. दुसरी लागली. मग सापासारखी लांब एक वाम. हिंमतरावांची मोरपिसाची दांडी दिवसभर हललीही नाही.

शेवटी रंगराव मास्तरांनी काठी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "वकीलसाहेब, मागच्या वर्षीची मरळ बी या बाईनंच धरली होती. मी पाह्यलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात, मास्तर?"

मास्तर दोर गुंडाळू लागले. पण ते बोलले तरी, उशिरा का होईना. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

माणसाला वाटेल की आता तरी वकिलांनी चूक सुधारली असेल. कप परत मागितला असेल, निदान बाईला दोन शब्द बोलले असतील. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. पुढची शर्यत चिखलीजवळच्या तळ्यावर नेली, आणि सभासद पुरुष असावा असं नियमात लिहून घेतलं. जे तोवर लिहिलेलं नव्हतं ते आत्यामुळे लिहिलं गेलं. एवढे शिकलेले लोक, आणि एका बाईच्या टोपलीतल्या माशांना इतके घाबरले.

हिंमतरावांना तळ्याच्या शर्यतीचं बोलावणं आलं नाही. याचा दोष त्यांनी आत्याला दिला. कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलत नव्हते. तिनंही बोलायला लावलं नाही. ती पुन्हा रोज डोहावर जाऊ लागली. सत्यभामाबाई मासोळीचे काटे काढता काढता मुलाला म्हणाल्या, "बायकोचं खातू आन् बायकोवरच रुसतू." ते ऐकून हिंमतराव ताटावरून उठले, पण संध्याकाळी पुन्हा त्याच ताटावर बसले. हळूहळू बोलणं सुरू झालं. मरळीची गोष्ट मात्र ते सांगतच राहिले, फक्त गावाबाहेर, जिथे कोणाला खरं ठाऊक नव्हतं तिथे.

ते गेले तेव्हा मी मोठी झाले होते. तेरवीला आम्ही बायका पंगत वाढत होतो. जळगाव जामोदहून आलेला त्यांचा एक लांबचा भाऊ जेवता जेवता म्हणाला, "हिंमतरावसारखा माणूस नाही. पान्यात गळ्याइतका उतरून मरळ आनली, हात कापला तरी दोर नाही सोडला."

आत्या भाताचं पातेलं घेऊन त्याच्यासमोरच होती. ती थांबली.

"ते मी धरली होती," म्हणाली. "पानी गुडघ्याइतकं होतं." आणि त्याच्या पानावर भात वाढला.

तिची नणंद कौशल्याबाई मागून पुटपुटली, "आता काऊन वं वहिनी? मानूस गेला ना."

"मानूस होता तवा बी तुमी मले हेच म्हनत होत्या, की मानूस हाय ना, कायले बोलतं," आत्या म्हणाली आणि पुढच्या पानाकडे सरकली.

त्या जळगाववाल्यानं मान खाली घालून जेवण उरकलं. जाताना त्यानं आत्याला विचारलं की मरळीला गळाला काय लावता. विचारणारा तो पहिलाच. आत्यानं त्याला ओसरीवर बसवलं आणि नीट सगळं सांगितलं. मी भांडी घासत ऐकत होते. ती भराभर बोलत होती, तसं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.