साबणाची डबी आणि एक लाल तार

आमच्या रुग्णालयात ज्या ज्या वस्तूला तार जोडलेली आहे, त्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी मास्तरांकडे असते. हे मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. दुरुस्तीला आलेल्या पंख्याला, फोनला, घंटीला ते शाळामास्तरासारखे रागावतात. "काल नीट होतास ना? मग आज काय धाड भरली?" असं म्हणत स्क्रू फिरवतात. सव्वीस वर्षांपूर्वी ते टेलिफोन बोर्डावर मदतनीस म्हणून लागले, तेव्हापासून हे नाव चिकटलं. शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं सगळं त्यांनी मोडक्या वस्तू उघडून शिकून घेतलं.

त्यांची खोली जिन्याखाली आहे. एक टेबल, भिंग लावलेला दिवा आणि भिंतभर लहान लहान खण. प्रत्येक खणावर चिठ्ठी. मी वाणिज्य शाखेचा माणूस, चौतीस वर्षं कार्यालयात फाइलींना क्रमांक देण्यात गेली, आता कार्यालयप्रमुख आहे, दोन वर्षांत निवृत्त होईन. पण चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी मास्तरांपुढे हात टेकले आहेत. एका खणावर त्यांनी लिहिलं आहे, "कशाचं आहे माहीत नाही, पण टाकू नये."

त्यांच्या पत्नी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर आहेत. घरी त्या नवऱ्याला "अहो" म्हणत असणार, रुग्णालयात मात्र आमच्यासारखंच "मास्तर" म्हणतात. "मास्तर, बारा नंबरची घंटी वाजत नाही," असा निरोप आला की मास्तर "आलो सिस्टर" म्हणून निघतात. नव्या माणसाला ही दोघं नवराबायको आहेत हे कळायला महिना लागतो.

गेल्या वर्षी वॉर्डातले कागदी तक्ते गेले आणि टॅबलेट आले. रुग्णाची नाडी, रक्तदाब, ताप मोजायचा, टॅबलेटवर भरायचा आणि "पाठवा" दाबायचं. बिनतारी नेटवर्कवरून नोंद थेट डॉक्टरांकडे जाते. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांत नोंद झाली नाही, तर यंत्रणा ती उशिराची म्हणून लाल रंगात दाखवते.

चार महिन्यांनी एक तक्ता माझ्या टेबलावर आला. तिसऱ्या मजल्यावर एका महिन्यात एकोणीस लाल नोंदी होत्या आणि एकोणीसच्या एकोणीस सिस्टरांच्या दिवसपाळीतल्या. रात्रपाळीत एकही नाही. रविवारी, म्हणजे सिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी, एकही नाही. सिस्टर पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की मधेच नेटवर्क जातं आणि भरलेली नोंद पुसली जाते, पुन्हा सगळं भरावं लागतं. नेटवर्क बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर येऊन बघून गेला. "नेटवर्क ठणठणीत आहे. वापरणाऱ्यांचा हात बसलेला नाही," असा शेरा त्याने दिला.

मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, सिस्टरांना मेमो द्यायला सांगितलं. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा द्यावा, अन्यथा वॉर्डप्रमुख पदावरून कमी करण्यात येईल. मसुदा मीच केला. बावीस वर्षं ज्या बाईने एकही तक्ता अर्धवट ठेवला नाही, तिच्यासाठी "निष्काळजीपणा" हा शब्द टाइप करताना मी दोनदा थांबलो. पण थांबून मसुदा बदलत नाही.

मेमो घेऊन सिस्टर म्हणाल्या, "साहेब, सही कुठे करू?" एवढंच.

तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्याकडे आले. हातात सोबत नेण्याची साबणाची डबी होती, निळी, अर्ध्या बाजूने चिरलेली. त्यांनी झाकण उघडलं. आत सर्किटच्या दोन इवल्याशा पाट्या, मोबाइलची जुनी बॅटरी, टपालाच्या तिकिटाएवढा पडदा आणि दोन बटणं.

"हे काय?"

"घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं यंत्र."

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. टॅबलेट आणि नेटवर्कचा डबा यांच्यात सारखे निरोप चालू असतात. त्यातला एक निरोप असा असतो, की आपला संबंध संपला, आता जा. टॅबलेट तो निरोप मुकाट्याने पाळतो आणि बाहेर पडतो. पुन्हा जोडला जायला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात नोंद गेलेली असते.

"आणि गंमत म्हणजे," मास्तर म्हणाले, "तो निरोप खरंच आपल्या डब्याने पाठवला का, हे टॅबलेट विचारतच नाही. कोणीही डब्याचं नाव लावून पाठवावा."

"म्हणजे आदेशावर सही न बघता अंमल?"

"तुमच्या भाषेत तसंच."

एक पाटी फक्त ऐकायची. असे "जा" निरोप किती आले आणि किती जवळून आले, हे ती मोजणार होती. दुसरी पाटी पाठवायची. आपणच खोटा निरोप पाठवून कुठला टॅबलेट फसतो आणि कुठला नाही, हे तपासायला. म्हणजे पुढे बंदोबस्त करता येईल.

"ऐकायला मी उद्यापासून सुरुवात करतो," ते म्हणाले. "आत काय बोलतात ते ऐकायचं नाही, दारावर कोण किती वेळा थाप मारतं तेवढं मोजायचं. पण पाठवायचं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर आपण थाप मारणं. तिथे आजारी माणसं आहेत. त्याला तुमची लेखी परवानगी पाहिजे. तोवर मी दुसऱ्या पाटीला वीज देणार नाही."

त्यांनी अर्ज दिला. सुवाच्य अक्षर, कुठल्या वॉर्डात, किती वाजता, किती मिनिटं, सगळं नमूद. मी त्यावर आवक शिक्का मारला आणि तिथेच अडकलो. आमच्याकडे दुरुस्तीचा नमुना आहे, खरेदीचा आहे, भिंतीला भोक पाडायचाही आहे. आपल्याच नेटवर्कला आपणच फसवून बघण्याचा नमुना नाही. कुठल्या रकान्यात बसवावं हे ठरेना, म्हणून अर्ज "प्रलंबित" फाइलीत गेला. मास्तर रोज विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचो, "बघतो." असे अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत मास्तर शर्टाच्या खिशात डबी घालून हिंडत होते. जेवणाच्या सुट्टीत सिस्टर एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "आठ दिवस साबण वाटीत ठेवतेय मी. डबी मिळणार आहे का परत?"

"मिळेल की."

"आणि खिशाला एवढा फुगवटा? लोक म्हणतील, मास्तरांचं हृदय बाहेर आलं."

"म्हणू देत. कोणासाठी आलंय ते नाही विचारलं म्हणजे झालं."

सिस्टर हसल्या, पण डबा अर्धाच खाल्ला. मेमोचा विषय दोघांनीही काढला नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी अकराला मोठ्या डॉक्टरांनी तिसऱ्या मजल्यावरच बैठक बोलावली. वॉर्डालगतच्या खोलीत डॉक्टर, सिस्टर, मास्तर, नेटवर्कचा इंजिनियर आणि मी. मास्तरांनी टेबलावर डबी ठेवली आणि आकडे वाचून दाखवले. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तासाला चार-पाच "जा" निरोप. सहानंतर शून्य. रविवारी शून्य.

इंजिनियरने डबी उचलून बघितली आणि खाली ठेवली. "सर, मी स्पष्ट बोलू? असली यंत्रं लोकांची नेटवर्क पाडायलाच वापरतात. ह्यांच्या खिशात हे यंत्र, ह्यांच्या मिसेसच्या वॉर्डात नेटवर्क पडतंय आणि आता हेच पुरावा घेऊन आलेत. आपणच पाडायचं आणि आपणच दाखवायचं."

मोठ्या डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, ह्या डबीने नेटवर्क पाडता येतं?"

"पूर्ण झाली की येईल, साहेब."

सिस्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता चोर सोडून संन्याशाला फाशी. एकाऐवजी दोन मेमो टाइप करावे लागणार.

मास्तरांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, दोन स्क्रू सोडवले आणि झाकण बाजूला केलं. दुसऱ्या पाटीजवळ एक लाल तार होती. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, चिकटपट्टीत गुंडाळलेलं होतं. चिकटपट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरात चिठ्ठी: "परवानगीनंतर जोडणे."

"पाठवणाऱ्या पाटीला वीजच नाही," ते म्हणाले. "डाख दिलेला नाही. इंजिनियर साहेबांनी भिंगाने बघावं, त्या जागी कथिल कधी लागलेलंच नाही."

इंजिनियरने खरंच भिंग मागितलं. बराच वेळ बघितलं. "नाही लागलेलं," तो म्हणाला. माणूस प्रामाणिक होता, फक्त घाईत होता.

"का जोडली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तर स्क्रूड्रायव्हर पुसायला लागले. माझं नाव सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. मग मीच फाइल उघडली. "परवानगी दिली गेली नाही म्हणून, साहेब. अर्ज अकरा दिवस माझ्याकडे पडून आहे. हा आवक शिक्का. अर्जाला रकाना सापडत नव्हता."

आयुष्यात माझी दिरंगाई कोणाच्या उपयोगी पडल्याचा हा एकच प्रसंग, तरी मला त्या वेळी मान वर करवेना.

"मग निरोप पाठवतंय कोण?" डॉक्टर म्हणाले.

"ते मला कालच कळलंय," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्यांनी डबी बंद केली आणि चालायला लागले. आम्ही मागोमाग. ज्या नेटवर्कचा संशय होता, त्याचा जोर दाखवणारा पडद्यावरचा आकडा जिन्याजवळ वीस होता. वॉर्डाच्या मध्यावर पस्तीस. शेवटच्या खिडकीशी सत्तर. खिडकीसमोर हात लांबवला तर लागेल असं वाटण्याइतकी जवळ नवी इमारत उभी होती आणि तिच्या समोरच्याच मजल्यावर एक कार्यालय होतं, पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेलं. वेळ दहा ते सहा. रविवारी बंद.

डॉक्टरांनी फोन लावला. वीस मिनिटांत तिथल्या नेटवर्कचं काम बघणारी बाई स्वतः आली. तिने डबीचा पडदा बघितला आणि कपाळावर हात मारला. त्यांच्या यंत्रणेत चोरापासून संरक्षणाची एक सोय होती: आसपास अनोळखी नेटवर्क दिसलं की ते घुसखोर समजायचं आणि त्यावरच्या लोकांना हाकलून लावायचं. ती सोय फक्त त्यांच्या आवारापुरती ठेवायला हवी होती. बसवणाऱ्याने ती सरसकट चालू ठेवली होती. संध्याकाळी ते सगळी यंत्रं बंद करून जायचे, तेव्हा हाकलणंही थांबायचं.

"म्हणजे पाच महिने आम्ही तुमचे चोर होतो?" सिस्टर म्हणाल्या.

"माफ करा हो ताई. मला खरंच कल्पना नव्हती." तिने तिथेच लॅपटॉप उघडून ती सोय बंद केली.

मास्तर खिडकीशी डबी धरून उभे राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. मोजणी हलली नाही. एकच्या नोंदीची वेळ झाली तशी सिस्टर वॉर्डात गेल्या, नऊ नंबरच्या आजींचा रक्तदाब मोजला, भरला, "पाठवा" दाबलं. हिरवी खूण आली. त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

मेमो रद्द झाल्याचं पत्र मी त्याच दुपारी काढलं. "निष्काळजीपणा" हा शब्द परत घेतो असं त्यात स्पष्ट लिहिलं, नुसतं "मेमो रद्द" एवढ्यावर भागवलं नाही. मग मास्तरांचा अर्ज घेतला. रकाना नव्हता, म्हणून कोऱ्या कागदावर परवानगी लिहिली, अटी घातल्या, सही केली.

मास्तरांनी ती दोनदा वाचली. मग मला जिन्याखालच्या खोलीत नेलं, माझ्यासमोर चिकटपट्टी सोडवली आणि लाल तारेला डाख दिला. धुराची बारीक रेघ वर गेली. पुढच्या आठवड्यात रिकाम्या वॉर्डात एकतीस टॅबलेट तपासले. नऊ फसले. इंजिनियरने स्वतः येऊन नेटवर्कवर अशी सोय चालू केली, की "जा" हा निरोप पटवून घेतल्याशिवाय कोणी ऐकणार नाही. ते नऊ जुने टॅबलेट ती सोय मानेनात, म्हणून बदलून घेतले. जाताना तो मास्तरांना म्हणाला, "डबी छान केलीत. पण साबणाचा वास येतो."

रद्द केल्याचं पत्र घ्यायला सिस्टर आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली.

"साहेब, एक विचारू? ती डबी आता रुग्णालयाची झाली का?"

"मालमत्ता नोंदवहीत चढवावी लागेल बहुतेक."

"मग मला नवी आणायला हवी," त्या म्हणाल्या. "आणि ह्या वेळी त्यांना दाखवायचीच नाही."