थायरॉइडबियरॉइड काही नाही, मॅडम!

डॉक्टरांचा विषय आमच्या स्टाफरूममध्ये काढायची सोय नाही. एकीने सुरुवात केली की दुसरी घास हातात धरून म्हणते, "हे काहीच नाही, माझं ऐका!" बेल होते, किस्से संपत नाहीत. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, संताप!) आमच्या बहुतेक किश्शांतले डॉक्टर एकच. शाळा कर्वेनगरला, त्यांचा दवाखाना कोथरूडला, घरी जाताना वाटेवर. म्हणून सगळ्या तिथेच!

*

आधी माझं. मी भूगोल शिकवते. एप्रिलमध्ये सगळं पुणं भाजून निघत असताना मी वर्गातले पंखे बंद करायला लावायचे. मुलं घामाघूम, मी शाल गुंडाळून! केस मुठीने गळत होते, वजन वाढत होतं. तरी मी गप्प होते. मग एक दिवस नववीच्या वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि 'पर्जन्यछाया' हा शब्दच आठवेना. वीस वर्षं शिकवलेला शब्द! पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला. तेव्हा मात्र मी घाबरले.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "वय?"

"त्रेचाळीस."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"सगळंच."

मी म्हटलं, "थायरॉइड तपासून बघायचा का? माझ्या आईला होता."

"थायरॉइडबियरॉइड काही नाही, मॅडम! गूगल कमी वाचा, सकाळी चालायला जा."

अहो, मी आईचं नाव घेतलं होतं, गूगलचं नाही!

*

आमची वर्षा गणित शिकवते. मूळची अमरावतीची. तीसुद्धा दिवसभर पेंगलेली, चेहरा सुजलेला, पाळीचा पत्ता नाही. तिला डॉक्टर हसून म्हणाले, "पुण्याची हवा मानवली तुम्हाला!"

वर्षा म्हणाली, "सहा महिन्यांत नऊ किलो वाढले. हवा खाऊन वाढते का जी?"

तिला व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या.

*

जाधव सर पीटी शिकवतात. साधा, सरळ माणूस. एका दुपारी ते त्याच दवाखान्याचा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "जरा थकवा वाटतोय म्हटलं, तर केवढ्या टेस्ट लिहून दिल्यात बघा!"

आम्ही बघितलं. तिसऱ्या ओळीत थायरॉइड!

"तुम्ही मागितलीत?" वर्षाने विचारलं.

"छे! मला कुठे काय कळतंय? डॉक्टरच म्हणाले, पुरुषाला उगाच थकवा येत नाही."

स्टाफरूममध्ये इतकी शांतता मी इन्स्पेक्शनलाही पाहिलेली नाही. बिचाऱ्या सरांना आपण काय बोललो ते कळेना. त्यांचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला, हेही सांगून टाकते.

*

मग कुलकर्णीबाईंनी सूत्रं हातात घेतली. बाई कसबा पेठेतल्या, मराठी शिकवतात, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आवाज कधी चढत नाही, समोरच्याचा मात्र उतरतो. वर्षाला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. मीही मागोमाग.

वर्षाने तपासणीचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, एवढंच औषध."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "आता एक ओळ लिहून द्या. पेशंटने थायरॉइडची तपासणी मागितली, मला गरज वाटली नाही. खाली सही आणि शिक्का."

"अहो, असं कशाला लिहायचं?"

"का? आपली खात्री आहे ना?"

डॉक्टरांनी निमूटपणे थायरॉइडच्या तपासणीचे दोन कागद लिहिले, एक वर्षाला, एक मला. बाईंनी चष्मा लावून दोन्ही वाचले. "अक्षर सुधारा," एवढंच म्हणाल्या.

*

आमचे दोघींचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. माझ्या आकड्यासमोर ठळक अक्षरात 'हाय'. वर्षाचा त्याहून जास्त. ती जिन्यातच खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. तर म्हणाली, "मॅडम, मी आळशी नाही हो! घरी सगळे म्हणत होते, ही आळशी झाली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

रिपोर्ट घेऊन मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. ऑगस्ट उजाडला होता. त्यांनी कागद पाहिला, गंभीर झाले आणि म्हणाले, "बरं झालं, वेळेत आलात!"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेरच्या बाकांवर बसलेल्यांना ऐकू गेलं, एवढं सांगते. आता आम्ही दोघी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पर्जन्यछाया परत आली. वर्षा तर दोन-दोन जिने चढून वर्गावर वेळेआधी पोहोचते!

*

पण त्या दिवशी दवाखान्यातून रागारागाने बाहेर पडले, तेव्हाचं राहिलंच. चप्पल घालत होते, तर मागून डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट आली. त्यांच्याकडे अकरा वर्षं नोकरीला. चेहरा वर्षासारखाच सुजलेला, आवाज इतका घोगरा, की पेशंटचं नाव तिला दोनदा पुकारावं लागायचं. मला वाटलं, आता ही भांडणार!

तिने आधी केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, ती टेस्ट कुठल्या लॅबमध्ये केलीत?"